पोळपाटावरचा रेडिओ

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या कॉलनीत तक्रारींचाही हंगाम सुरू होतो. दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांत लटकत असतात, तोच खालच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत रचून रचून भरलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे हे एवढाले स्पीकर. ट्रॅक्टर वळणावर यायच्या आधीच आमच्या खिडकीची काच थरथरायला लागते. मग शेजारचे देसाई गॅलरीत येतात, कपाळाला हात लावतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "काय हा धिंगाणा, शशीताई." बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस आहे. मी हसते, पण मान डोलवत नाही. उसाच्या रस्त्यावरच्या गाण्याबद्दल माझ्याकडून कुणाला तक्रार मिळायची नाही.

संध्याकाळी वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास येतो. आंबूस, गोडसर, थोडा जळका. नव्याने राहायला आलेली माणसं खिडक्या लावून घेतात. मी उघडते. त्या वासात मला एक हिरवी मोटार दिसते, तिच्या उघड्या दारातून बाहेर आलेले माझ्या आईचे पाय दिसतात आणि तिच्या हातातली लोखंडी सळई दिसते. मोठा दुष्काळ पडायच्या आधीचा तो हंगाम. मी एकोणीस वर्षांची होते, इथेच संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होते, आणि मला वाटत होतं की वीज म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

माझे वडील, नाना, जनावरांचे डॉक्टर. अकोले तालुक्याच्या डोंगरापासून इकडे कारखान्याच्या तळापर्यंत त्यांची फिरती असायची. मोटार त्यांनी मायदेशी परत निघालेल्या एका मिशनच्या डॉक्टरीणबाईंकडून घेतली होती. विलायती, जुनी, पुढून गोलमटोल. सगळ्या गावाला ती ठाऊक होती, कारण तिच्यात रेडिओ होता. ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन पाचटाच्या कोप्या घालून बसल्या की नाना रोज संध्याकाळी तळावर जायचे. गाड्या ओढून बैलांचे खांदे सुजलेले असत, खूर फाटलेले असत. नाना मोटार मधोमध उभी करायचे, चारी दारं उघडायचे, रेडिओ लावायचे आणि मग बैलाला हात घालायचे. त्यांचं म्हणणं असं, की गाणं चालू असलं की मालक शांत राहतो, आणि मालक शांत राहिला की बैल शांत राहतो. भाकऱ्या थापणाऱ्या बाया तिथूनच ओरडून सांगायच्या, मोठा करा. नाना मोठा करायचे.

तो रेडिओ आधल्या हंगामाच्या शेवटी बंद पडला. आत काचेचे दिवे असलेला, तापल्याशिवाय न बोलणारा जुना संच होता. दोन दिवे गेले, ते कुठे मिळेनात. स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला. नाना म्हणाले, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत नवा बसवू, ट्रान्झिस्टरचा, आणि एक सोडून दोन स्पीकर लावू, एक पुढे, एक मागच्या काचेखाली. बाजारपेठेतल्या दिगंबररावांच्या रेडिओच्या दुकानात त्यांनी तसं सांगूनही ठेवलं. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे मोटारीची पूजा केली. दसऱ्याला सोनं वाटलं. आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत एका सकाळी दाढी करता करता खुर्चीतच गेले.

त्या दिवाळीत आमच्या घरी पणती लागली नाही. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. गोड रांधायचं नाही, तोरण बांधायचं नाही, फराळ नातेवाइकांनी आणून द्यायचा. घरातला रेडिओ एका टॉवेलाखाली झाकून ठेवला होता. तो टॉवेल कोणी टाकला मला आठवत नाही. बहुतेक कुणी तरी आत्या असेल. भेटायला आलेली माणसं बसायची, चहा घ्यायची, टॉवेलाकडे बघायची आणि समाधान झाल्यासारखी उठून जायची. मला त्या टॉवेलाचा राग यायचा. अजूनही येतो.

थोरले काका, म्हणजे अण्णा, गावाकडून आले ते दिवाळीनंतर. अण्णा वाईट नव्हते, हे मी आज म्हणू शकते. शेती त्यांनी एकट्याने सांभाळली होती, नानांच्या शिक्षणाला त्यांनीच हातभार लावला होता. धाकटा भाऊ गेला म्हणून हंबरडा फोडून रडलेला माणूस. पण रडून झाल्यावर त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्यापुरतं ठरलेलंच होतं.

"सुमन, आता हितं काय राह्यलंय तुझं?" ते आईला म्हणाले. "गावाकडं चला. दोन खोल्या मोकळ्या हायेत. आधी ती मोटार काढून टाकू. गिऱ्हाईक बघितलंय म्या, राहुरीकडचं. बाईमानसानं मोटार ठिवून काय करायचं?"

"आणि शशीचं कॉलेज?" आई म्हणाली.

"पोरीचं लगीन बघू की आता. कालिज कुठं पळून चाललंय."

पायरीवर बसले होते मी, दोघांची तोंडं मला दिसत होती. मला कळलं की मोटार गेली की नानांचं औषधांचं दुकान जाणार. ते आमच्या पुढच्याच खोलीत होतं, आणि तळावर, वाड्यावस्त्यांवर माल पोचवला तरच ते चालायचं. दुकान गेलं की घर जाणार. घर गेलं की माझं कॉलेज. सगळी साखळी त्या हिरव्या मोटारीला बांधलेली होती. अण्णा म्हणाले, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक घेऊन येतो, आणि एस.टी.ने निघून गेले.

अण्णा गेल्यावर आईने कपबशा विसळल्या. मग पदराला हात पुसत मला म्हणाली, "दिगंबररावांकडे जाऊन ये. नानांनी सांगितलेला रेडिओ आला का विचार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "आई, वर्ष?"

"वर्ष घराला असतं. मोटार काही घर नाही," आई म्हणाली.

हे तिने इतक्या सरळ तोंडाने सांगितलं की मला हसू आलं, नाना गेल्यानंतर पहिल्यांदा. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, नगरच्या शाळेतलं. वाद घालायची तिला हौस नव्हती, पण एखाद्या नियमात कुठे फट आहे ते तिला बरोबर सापडायचं. आणि एकदा सापडली की त्या फटीतून ती सगळा संसार बाहेर काढून न्यायची.

रेडिओ आला होता. दोन स्पीकर, वायरचं वेटोळं, बोटाएवढ्या काचेच्या फ्यूजांची पुडी, सगळं खोक्यात तयार होतं. दिगंबररावांनी ते माझ्या हातात दिलं, पण बसवायला येणार का विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. "डॉक्टरांचं वर्ष होऊ दे, बेटा. मग मी स्वतः येऊन बसवतो. आत्ता मी तुमच्या दारात गाणं वाजवलं तर लोक मला काय म्हणतील?" दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला विचारलं, त्याचंही तेच. हंगामाच्या गर्दीचं निमित्त त्याने पुढे केलं इतकंच.

मी खोकं घेऊन घरी आले आणि आईला सांगितलं की कुणी बसवून देत नाही. तिने विचारलं, "तू काय शिकतेस गं कॉलेजात?"

"फिजिक्स."

"त्यात हे येतं ना?"

आता काय सांगणार? प्रयोगशाळेत मी टेबलावरची सर्किटं जोडली होती, मोटारीच्या पोटात कधी डोकं घातलं नव्हतं. पण दिगंबररावांची खाली घातलेली मान मला आठवत होती. मी म्हटलं, येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी अंगणात, कडुनिंबाखाली मोटारीची दारं उघडली. मला तो उजेड नीट आठवतो. काचेवर पानांच्या सावल्या होत्या, सीटवर नानांच्या औषधांचा उग्र वास होता आणि गादीच्या शिवणीत गव्हाचा कोंडा अडकलेला होता. आई ड्रायव्हरच्या सीटवर आडवी झाली, पाय दाराबाहेर, आणि जुन्या रेडिओचे गंजलेले नट तिने पान्याने सोडवले. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकत होती. डॉक्टरांची बायको, कपाळ मोकळं, आणि मोटारीच्या दारातून पाय बाहेर. एका बाईने फाटकाशी येऊन विचारलं, काही मदत पाठवू का. आई आतूनच म्हणाली, "पाठवायची तर एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर पाठवा." बाई गेल्या, स्क्रू-ड्रायव्हर काही आला नाही.

मागच्या स्पीकरची वायर आम्ही पायांखालच्या चटईच्या कडेने नेली. स्पीकर मागच्या काचेखाली बसवायला औषधांच्या खोक्याच्या फळीला मी करवतीने गोल कापून भोक पाडलं. गोल कसलं, वांगं झालं होतं. पण वरून जाळी लावल्यावर ते झाकलं गेलं. पुढचा स्पीकर जुन्याच्या जागी बसला. रेडिओ पुढच्या पत्र्याखाली लटकवला. आता फक्त बॅटरीला जोडणं उरलं.

नव्या रेडिओबरोबर एक छापील कागद होता. त्यात बजावलेलं होतं की ज्या मोटारीच्या पत्र्याला बॅटरीचं ऋण टोक जोडलेलं असतं, तिच्यातच हा रेडिओ बसवावा. मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकापासून जाड पट्टी पत्र्याला गेली होती. त्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. दुसऱ्या टोकापासून वायर इंजिनाकडे जात होती, आणि ते टोक लालभडक होतं. लाल म्हणजे धन. पहिल्या इयत्तेच्या पोराला कळेल. म्हणजे पत्र्याला ऋण, सगळं कागदाबरहुकूम. मी वायर जोडली, आत येऊन बटण फिरवलं. कुठेतरी बारीक 'चट्' झालं आणि फ्यूजची काच आतून काळी पडली. दुसरा फ्यूज घातला. पुन्हा चट्.

"विझला का?" आईने विचारलं. तिला म्हणायचं होतं, मेला का.

मी बॉनेटपाशी परत गेले आणि या वेळी नीट वाकून पाहिलं. लाल होतं ते रंगाने नव्हे, कुंकवाने. खंडेनवमीला नाना इंजिनाला, चाकाला, बॅटरीला हळद-कुंकू लावत. तेल लागलेल्या बोटाने ते त्यांनी बॅटरीच्या टोकावर चांगलं माखलं होतं, आणि त्यावर धूळ बसून ते घट्ट झालं होतं. त्या लालाचा विजेशी काही संबंध नव्हता. पूजेला हात जिथे सहज पोचला, तिथे त्यांनी लावलं होतं.

टोकाच्या खुणा बॅटरीच्या झाकणात ठोकलेल्या असतात. बुरशीखालची मी खरवडून पाहिली, ती झिजून गेली होती. दुसरी कुंकवाखाली होती. मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि वाकले, तर आईने माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"पुसून खालची खूण बघते."

"पुसायचं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. पण माझं मनगट तिने सोडलं नाही. महिन्याभरापूर्वी घरभर बायका जमल्या होत्या आणि तिच्या कपाळावरचं कुंकू दुसऱ्याच कुणीतरी पुसलं होतं, तिला न विचारता. मी तेव्हा दारात उभी होते. मी काही बोलले नव्हते, कारण तेव्हा कुणीच काही बोलत नसे. आता नानांच्या बोटाची खूण मोटारीच्या बॅटरीवर राहिली होती, आणि ती पुसायला मी रॉकेलची चिंधी घेऊन उभी होते.

"हे मी कुणाला पुसू देणार नाही," आई म्हणाली. "तुझ्या कॉलेजात दुसरी काही रीत असेल की."

होती. मी घरातून काचेचा पेला आणला, त्यात पाणी, मूठभर मीठ. बॅटरीच्या दोन टोकांना दोन तारा लावल्या आणि त्यांची उघडी टोकं पाण्यात एकमेकींपासून दूर धरली. ऋण टोकाच्या तारेभोवती बुडबुडे जोरात उसळतात आणि धन टोकाची तांब्याची तार हळूहळू पाण्याला हिरवट करते, हे मी पाठ केलेलं होतं. आई पेल्यावर वाकली. कुंकवाच्या टोकाकडून आलेल्या तारेभोवती बुडबुड्यांचा नुसता धूर उडाला.

"म्हणजे?"

"कुंकू ऋणाला लागलंय. आपल्या मोटारीचा पत्रा धन आहे. उलटी गाडी आहे ही."

पुढे कळलं की त्या काळच्या पुष्कळ विलायती मोटारी तशाच असत. नव्या रेडिओचा पत्रा ऋण, आमच्या मोटारीचा पत्रा धन, आणि मी दोघांना नटबोल्टांनी एकत्र आवळून टाकलं होतं. फ्यूजने जीव दिला म्हणून रेडिओ वाचला. मी आईला सांगितलं की आता हा रेडिओ या मोटारीत चालायचा असेल तर त्याचा पत्रा मोटारीच्या पत्र्याला कुठेच टेकता कामा नये. मध्ये लाकूड पाहिजे. चांगलं जाड, कोरडं.

आई घरात गेली आणि पुरणपोळीचा पोळपाट घेऊन आली. रोजचा नव्हे, सणाचा, परातीएवढा, तीन पायांचा. तिच्या माहेराहून आलेला.

"आई, हा?"

"यंदा त्याला काम नाही," आई म्हणाली.

तिने चुलीत सळई लाल केली आणि पोळपाटाला भोकं पाडली. वर्षानुवर्षं तूप प्यालेलं लाकूड ते. धूर निघाला तो पुरणपोळी तव्यावर जास्त वेळ राहिल्यासारखा. गोड रांधायची बंदी असलेल्या घरातून तो वास भर सकाळी गल्लीत गेला. फाटकापाशी दोन डोकी पुन्हा डोकावली. आईने सळई उंच धरून त्यांच्याकडे पाहिलं, ती डोकी गेली. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी पटकन वाकून नट गोळा करायला लागले, कारण आईला रडणारी माणसं कामाच्या वेळी चालत नसत.

पोळपाट उलटा करून पत्र्याखाली आवळला, त्याला खालून रेडिओ लावला. तारांची अदलाबदल केली. बटण फिरवलं. चट्. मी सीटवर डोकं टेकून बसले. आईच म्हणाली, "अजून कुठं टेकतोय का बघ." तेव्हा मला एरिअल आठवली. मडगार्डवरची उभी कांडी, तिच्या वायरीचं धातूच्या जाळीचं वेष्टण रेडिओच्या पत्र्याला आणि बूड मोटारीच्या पत्र्याला. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून तिच्या बुडाखाली घातले. पुडीतला शेवटचा फ्यूज बसवला. या वेळी बटण आईने फिरवलं.

आधी नुसती खरखर आली. मग पुण्याहून कुणीतरी अत्यंत गंभीर आवाजात कांद्याचे भाव सांगू लागलं. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. आई सीटवर बसून ते सगळं ऐकत राहिली. लासलगाव, नगर, सोलापूर. इतक्या भक्तिभावाने बाजारभाव ऐकणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

ते कुंकू पुढे कितीतरी वर्षं राहिलं. दर खंडेनवमीला आई स्वतः त्यावर नवं बोट लावायची, त्याच टोकाला. तिने लावायचं नाही असं सांगणारे होते, सांगून थकले. बॅटऱ्या बदलल्या तरी जागा बदलली नाही. गॅरेजवाले नव्याने आले की लाल बघून चुकायचे, आणि मग आई त्यांना मिठाचं पाणी आणायला सांगायची.

अण्णा ठरल्याप्रमाणे आले. दुपार होती. बरोबर राहुरीकडचं ते गिऱ्हाईक, पांढऱ्या टोपीतला हसतमुख माणूस. आई मोटारीतच बसली होती, मागच्या सीटवर बैलांच्या खांद्याला लावायच्या मलमाचे डबे रचून झाले होते. रेडिओ चालू होता आणि त्या घडीला रेडिओवर, नेमकी, लावणी लागली होती. ढोलकी पुढच्या स्पीकरमधून, घुंगरं मागच्या. अण्णा फाटकातच थांबले.

"सुमन," ते म्हणाले, "वरीस न्हाई झालं अजून माज्या भावाला."

"माहीत आहे, अण्णा. मी मोजतेय."

"आन् हे काय लावलंय?"

"घरात लावला असेल तर दाखवा. घरातल्यावर टॉवेल आहे." आईने हात पुढे करून बंद करायला हवं होतं. तिने केलं नाही. "हा रेडिओ त्यांनीच सांगून ठेवलेला. हंगामाच्या आत बसवायचा होता. थोडा उशीर झाला."

गिऱ्हाईक मधल्या वेळात मोटारीभोवती फिरून आलं होतं. त्याने दारातून आत डोकं घातलं आणि विचारलं, "वैनी, ह्ये खाली गोल काय लटकावलंय?"

"पोळपाट."

"पोळपाट?"

"पुरणाचा आहे. काढला तर फ्यूज जातो."

गिऱ्हाइकाने डोकं बाहेर काढलं. मोटारीत स्वयंपाकघर घालणाऱ्या बाईशी सौदा करायला त्याचं मन धजेना. "अण्णासायेब, तुमचं घरचं मिटवा आधी," असं म्हणून तो सावलीत जाऊन उभा राहिला.

"मोटार विकायची नाही, अण्णा," आई म्हणाली. "आम्ही गावाकडे येणार नाही. शशी परीक्षा देणार, मी दुकान बघणार. तुमचा मान आहे, तुमच्या शब्दाबाहेर मी आजवर गेले नाही. आज जातेय. आता तळावर मलम पोचवायचंय, बसा, आलात तसे चला."

अण्णा का बसले, मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित रस्त्यावर जमलेल्या माणसांसमोर उभं राहणं त्यांना जड झालं असेल. ते मागे बसले, मलमाच्या डब्यांना टेकून, मान अगदी स्पीकरशेजारी. आईला मोटार चांगली चालवता यायची. रात्रीच्या फिरतीवर नानांना झोप यायला लागली तेव्हा त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण दिवसाउजेडी, बाजारपेठेतून, अशी ती कधी निघाली नव्हती. दिगंबरराव दुकानाच्या पायरीवर उभे होते. आईने त्यांना हॉर्न दिला.

कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागली होती. आम्ही तळावर पोचलो तेव्हा कोप्यांमधून चुलींचा धूर निघायला लागला होता. मोटार दिसली आणि पोरं ओरडत धावली, "डाक्टरची गाडी, डाक्टरची गाडी." मोठी माणसं मागून आली आणि आईचं मोकळं कपाळ पाहून जागच्या जागी थांबली. बहुतेकांना माहीत नव्हतं. ते गेल्या हंगामानंतर आपापल्या गावी गेले होते आणि आता परत आले होते, डॉक्टर असतीलच असं धरून. एका म्हाताऱ्या गाडीवानाने टोपी काढली. मोटारीत रेडिओ तेवढा वाजत होता, आता बारीक, कारण आईने येताना तो कमी केला होता.

आई खाली उतरली. नानांसारखी तिने चारी दारं उघडली. अण्णांच्या बाजूचंही. मलमाचा डबा काढला आणि म्हणाली, "ते गेले. औषध मिळेल. ज्याच्या बैलाचा खांदा आला असेल त्यानं पुढे या."

माणसं हलली. बैल सोडून आणायला गेली. मी मागच्या सीटवरचे डबे एकेक करून खाली उतरवायला लागले. तेवढ्यात एका कोपीपुढे भाकरी थापत बसलेल्या बाईने, हात पिठाचे, मान वर न करता म्हटलं, "बाई, लई बारीक हाय ओ आवाज. जरा मोठा करा की."

"बास झालं आता," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फुटलेला होता. ते रडत होते की रागावले होते, की दोन्ही, सांगता येत नाही.

आईने आत हात घातला. पोळपाटाखालचं बटण तिने फिरवलं ते शेवटपर्यंत. तळावरच्या बैलांनी कान टवकारले. दोन्ही स्पीकर, माझ्या वांग्यासारख्या भोकातलाही, असे काही बोलायला लागले की पलीकडच्या कोप्यांतल्या बाया उठून बाहेर आल्या. आई बैलाच्या खांद्याला मलम चोळत होती. तिचे ओठ हलत होते. गात होती की बैलाशी बोलत होती, मला ऐकू आलं नाही.

अण्णा त्या मोटारीत पुन्हा कधी बसले नाहीत. येत राहिले, गूळ आणत राहिले, माझ्या लग्नात त्यांनीच धावपळ केली. मी परीक्षा दिली, पुढे त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना सर्किट जोडायला शिकवत केस पांढरे केले. दुष्काळात कारखाना लवकर बंद पडला तेव्हाही आई तळावर जात होती, हंगाम संपल्यावर जनावरांच्या छावणीवर. वर्ष झाल्यावर घरातल्या रेडिओवरचा टॉवेल काढायला नातेवाईक जमले, तर आई म्हणाली, "राहू दे, मला आता बाहेरचाच बरा वाटतो."

परवा संध्याकाळी देसाई माझं दार वाजवून आले. खाली वळणावर एक ट्रॅक्टर रांगेत अडकला होता आणि अर्धा तास त्याचं गाणं चालू होतं. "शशीताई, तुम्ही वयाने मोठ्या. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

मी चपला घालून खाली गेले. ट्रॅक्टरवर चाळिशीचा एक माणूस बसला होता, गळ्यात मफलर, स्टीअरिंगवर डबा उघडलेला. पांढऱ्या केसांची बाई आपल्याकडे येतेय बघून त्याने घाईघाईने आवाज कमी केला.

"तरास हुतोय का आज्जी? कमी केलाय बगा."

वर गॅलरीत देसाई कठड्यावर रेलून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ड्रायव्हरकडे.

"लई बारीक हाय ओ आवाज," मी म्हटलं. "जरा मोठा करा की."